थ्रेड : उंची हेडफोनचा ‘स्वभाव’ आणि इक्वलायझरचा इतिहास

१/ परवा एका मित्राने विचारले, “दोन उंची हेडफोन इक्वलायझरने एकमेकांसारखे करून घेतले, तर महागड्यात वेगळे असे काय उरते?” प्रश्न तंत्राचा वाटतो, पण उत्तरासाठी इतिहासात जावे लागते. कारण ‘शुद्ध आवाज’ म्हणजे काय, याविषयीचे मत गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले आहे.

२/ इक्वलायझरची मुळे संगीतात नाहीत, टेलिफोनमध्ये आहेत. तार जितकी लांब, तितक्या वरच्या कंप्रता अधिक क्षीण होत आणि पलीकडचे बोलणे दबल्यासारखे ऐकू येई. ही झीज भरून काढून सर्व कंप्रता समान पातळीवर आणणारे मंडल म्हणजे इक्वलायझर. आवाज रंगवणे नव्हे, तर बिघडलेला आवाज पूर्ववत करणे हे त्याचे मूळ काम.

३/ हेडफोनचीही कथा तशीच. १९१० मध्ये अमेरिकेतील यूटाच्या नॅथॅनिअल बाल्डविन यांनी आपला हेडफोन तिथल्या नौदलाकडे पाठवला. बिनतारी संदेशातील क्षीण खुणा ऐकू याव्यात, एवढीच अपेक्षा होती. गोडव्याचा प्रश्नच नव्हता.

४/ पुढे १९३७ मध्ये बर्लिनच्या बायर यांचा डीटी ४८ आला. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणला. १९६० मध्ये जपानच्या स्टॅक्सने स्थिरविद्युत तत्त्वावरचा, तर १९६८ मध्ये झेनहायझरने मागून उघडा असलेला एचडी ४१४ बाजारात आणला. रचना निरनिराळ्या, म्हणून आवाजही निरनिराळे. मग यांतला ‘खरा’ कोणता?

५/ इथे आपला कानच आडवा येतो. समोरून येणारा ध्वनी कानाची पाळी आणि कर्णनलिका यांतून जाताना ३,००० हर्ट्झच्या आसपास दहा डेसिबलहून अधिक उंचावतो. मेंदूला त्याची सवय असते. हेडफोन थेट कानाला चिकटत असल्यामुळे ही वाढ त्याच्या रचनेतच धरावी लागते. आलेखावर सरळ रेषा दाखवणारा हेडफोन म्हणूनच ऐकायला निर्जीव वाटतो.

६/ पण वाढ नेमकी किती धरायची? सुरुवातीचा आदर्श होता समोर ठेवलेला स्पीकर. १९८६ मध्ये जर्मन संशोधक ग्युंटर टाइले यांनी त्यावर आक्षेप घेतला. हेडफोनमधल्या ध्वनीला समोरची दिशाच नसते. तेव्हा सर्व दिशांनी सारखा येणारा ध्वनी हाच प्रमाण मानावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका निबंधाने ‘शुद्ध’ या शब्दाचा अर्थ बदलू पाहिला.

७/ तोही अर्थ अखेरचा ठरला नाही. २०१३ च्या सुमारास हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी प्रश्न थेट श्रोत्यांपुढे ठेवला. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात, त्याच्या जवळचा आवाज बहुसंख्यांना आवडला. म्हणजे टाइले यांच्या प्रमाणापेक्षा खर्ज थोडा अधिक आणि वरचे स्वर थोडे सौम्य.

८/ त्यांची एक युक्ती मित्राच्या प्रश्नाला थेट भिडते. त्यांनी एकाच हेडफोनवर इक्वलायझरच्या साहाय्याने इतर अनेक हेडफोनांचे आवाज उभे केले. श्रोत्याला नाव, वजन, किंमत काहीच कळत नव्हते. हे निकाल प्रत्यक्ष हेडफोनांच्या चाचणीशी बऱ्याच अंशी जुळले. ‘स्वभावा’चा मोठा भाग म्हणजे कंप्रतांचा चढउतार, हे यातून दिसले.

९/ २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापे तपासली. किंमत आणि कंप्रता-आलेख यांत त्यांना संबंध आढळला नाही. दाम वाढले म्हणून आवाज आदर्शाजवळ सरकतोच असे नाही.

१०/ एक उदाहरण घेऊ. झेनहायझरचा एचडी ६५० उबदार मानला जातो. २००९ चा एचडी ८०० त्याहून कितीतरी महाग आणि लखलखीत. त्या लखलखाटात ६,००० हर्ट्झजवळच्या उंचवट्याचा मोठा वाटा आहे. पुढच्या एचडी ८०० एस मध्ये कंपनीनेच तो ध्वनिशोषकाने खाली आणला. तेवढी पट्टी इक्वलायझरने उतरवली, तर दोन्ही हेडफोन पुष्कळ जवळ येतात.

११/ जवळ येतात, एकरूप होत नाहीत. एचडी ६५० मध्ये अतिखर्ज मुळातच कमी. तो फार वाढवला तर विकृती वाढते. ८,००० हर्ट्झच्या वर प्रत्येकाच्या कानाचा आकार आणि हेडफोन बसण्याची जागा निकाल बदलते. दुसऱ्याच्या आलेखावर बेतलेली दुरुस्ती तिथे फसते. एचडी ८०० चे प्रशस्त कप आणि तिरपे बसवलेले ड्रायव्हर यांतून येणारा मोकळेपणा आलेख जुळवून सहसा पूर्णपणे उसना घेता येत नाही.

१२/ तुलना करायचीच असेल, तर आधी दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणा. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की आवाज मंद असताना कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. थोडा मोठा वाजणारा हेडफोन त्यामुळे विनाकारण भरदार भासतो.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटावे. बखर वाचताना आपण लेखकाचा कल ओळखतो, तो वजा करतो आणि उरते ते तपासतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले. त्यांचा आवाज आपल्याला तबकड्यांतूनच भेटतो. त्या काळी ध्वनिमुद्रणाचे आलेख कंपनीगणिक वेगळे होते. अमेरिकेतील उद्योगाने समान मानक स्वीकारले ते १९५४ मध्ये. आज ती तबकडी डिजिटल करणाऱ्याला कोणता तरी आलेख निवडावाच लागतो. आपण ऐकतो त्या खाँसाहेबांच्या आवाजात त्या निवडीचाही वाटा असतो.

१४/ मित्राला मी एवढेच सांगितले : महागड्या हेडफोनमध्ये काही तरी उरते, पण ते आपण समजतो त्याहून थोडे असते. आधी इक्वलायझर शिकून घे, आवाजाची पातळी जुळवून ऐक, आणि मगच खिशात हात घाल.