टोनी जॅक्सनचा माइक

'सर्चर्स' या लिव्हरपूलच्या बीट ग्रुपची गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती एका संकलनात. 'स्वीट्स फॉर माय स्वीट' आणि त्याच्यामागोमाग 'नीडल्स अँड पिन्स'. दोन्ही गाणी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली; पहिलं ऑगस्ट १९६३ मध्ये, दुसरं जानेवारी १९६४ मध्ये. मधे जेमतेम सहा महिने. पण गाणारा वेगळा आहे हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. पहिल्यातला आवाज धारदार, जरा घासलेला, पुढे रेटणारा. दुसऱ्यातला मऊ आणि थोडा दुखावलेला. मग सर्चर्सचा गायक नक्की कोण? या प्रश्नामागे गेलो तेव्हा एका माणसाची गोष्ट हाती लागली. आपल्याच ग्रुपमध्ये तो दोनदा माइकपासून बाजूला झाला. पहिल्यांदा परत आला, दुसऱ्यांदा नाही.

सुरुवात १९५७च्या आसपासची. लॉनी डॉनेगनच्या 'रॉक आयलंड लाइन'नं ब्रिटनभर स्किफलचं वेड पसरवलं होतं. स्किफलला भांडवल लागत नसे. एक स्वस्त गिटार, कपडे घासायचा नालीदार पत्रा आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी नि दोरी लावून केलेला बेस, एवढ्यावर काम भागे. लिव्हरपूलच्या जॉन मॅक्नॅलीनं दोन मित्रांना घेऊन असाच एक ग्रुप काढला. मित्रांचा उत्साह लवकरच ओसरला आणि त्यांच्या जागी आला माइक प्रेंडरगास्ट, जो पुढे माइक पेंडर म्हणून ओळखला गेला. जॉन फोर्डच्या १९५६च्या वेस्टर्न चित्रपटावरून ग्रुपला 'सर्चर्स' हे नाव मिळालं. ते सुचवलं कुणी, यावर या दोघांचं पुढे कधीच एकमत झालं नाही.

मग आला टोनी जॅक्सन. १९३८चा जन्म, म्हणजे बाकीच्यांपेक्षा तीनेक वर्षांनी मोठा. स्वतः बनवलेली बेस गिटार आणि अँप्लिफायर घेऊनच तो आला. गाणाराही तोच, म्हणून पाटीवर नाव लागलं 'टोनी अँड द सर्चर्स'. ड्रमर मात्र टिकत नव्हते. नॉर्मन मॅकगॅरी आला आणि गेला. १९६०मध्ये त्या जागी क्रिस क्रमी बसला. त्यानं आडनाव बदलून कर्टिस केलं.

या वयाच्या पोरांचे ग्रुप टिकले याला एक सरकारी कारणही आहे. ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. ती बंद करताना १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेल्यांना वगळण्यात आलं. मॅक्नॅली, पेंडर आणि कर्टिस तिघेही १९४१चे. काही वर्षं आधी जन्मले असते, तर गिटार खाली ठेवून बंदूक उचलावी लागली असती आणि ग्रुप मधेच मोडला असता.

जॅक्सनची पहिली अडचण मात्र साध्या कामाची होती. तारा छेडत गाणं त्या मानानं सोपं, कारण हात गाण्याच्या ठेक्याबरोबर चालतो. बेसची ओळ मात्र आपल्या वाटेनं जाते. गळ्यानं एक वाट धरायची आणि बोटांनी दुसरी, हे नवशिक्याला जमत नाही. जॅक्सनलाही दोन्ही एकदम जमेना. त्यानं बेस ठेवला आणि माइक सोडला. गायक म्हणून बिली बेकला आणलं. त्यानं जॉनी सँडन असं नाव घेतलं आणि पाटी बदलून 'जॉनी सँडन अँड द सर्चर्स' झाली. टेंपल स्ट्रीटवरच्या आयर्न डोअर क्लबमध्ये ते नेमानं वाजवू लागले.

जानेवारी १९६२मध्ये 'मर्सी बीट' या स्थानिक पत्रानं वाचकांचा कौल छापला. बीटल्स पहिले, रेमो फोर तिसरे आणि सँडनसह सर्चर्स पाचवे. सँडन पुढच्याच महिन्यात रेमो फोरमध्ये गेला. पाचव्या नंबरवरून तिसऱ्यावर. त्या दिवशीचा हिशेब बघितला तर त्याचं काहीच चुकलं नाही. पाय कंपनीनं १९६३मध्ये त्याच्या रेकॉर्डही काढल्या, पण त्या यादीत चढल्या नाहीत. मागे राहिलेल्यांना त्याच कंपनीनं पहिला नंबर मिळवून दिला.

सँडन गेल्यावर चौघांनी नवा गायक शोधला नाही. जॅक्सन, पेंडर आणि कर्टिस यांनी गाणी वाटून घेतली. माझ्या मते सर्चर्सचा खरा जन्म इथे झाला. पाटीवर कुणा एकाचं नाव उरलं नाही आणि एका माइकच्या जागी तीन गळे आले. हे सगळं घोटून घेतलं हॅम्बुर्गनं. जुलै १९६२पासून तिथल्या स्टार-क्लबचा करार होता १२८ दिवसांचा, रोज रात्री एकेक तासाचे तीन कार्यक्रम. एवढी रियाझाची सक्ती झाल्यावर बेस वाजवत गाणंही जॅक्सनच्या अंगवळणी पडलं. परत आल्यावर आयर्न डोअरमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणावरून पायचा करार मिळाला. निर्माता होता टोनी हॅच.

'स्वीट्स फॉर माय स्वीट' जॅक्सन गायला आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढचं 'शुगर अँड स्पाइस'ही त्याच्याच आवाजात, दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलेलं. ते हॅचनं फ्रेड नाइटिंगेल या टोपणनावानं स्वतःच लिहिलं होतं. पहिल्या गाण्याचा साचा त्यात जसाच्या तसा दिसतो. इथपर्यंत कुणीही म्हणालं असतं, सर्चर्स म्हणजे टोनी जॅक्सन.

तिसऱ्या वेळी त्यांनी घेतलं 'नीडल्स अँड पिन्स', जॅकी डीशॅननं आधी अमेरिकेत गायलेलं. मुख्य आवाज पेंडरचा, वरच्या पट्टीत कर्टिस. दोन गिटार एकत्र अशा किणकिणतात की बारा तारांची एकच गिटार वाजते आहे असं वाटावं. हाच आवाज पुढे सर्चर्सची ओळख झाला. अमेरिकेतल्या बर्ड्सच्या १९६५च्या गाण्यांतही त्याचा धागा ऐकू येतो. मे १९६४मध्ये 'डोन्ट थ्रो युअर लव्ह अवे' पुन्हा पहिलं आलं, तेही पेंडरच्याच आवाजात.

जॅक्सनच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की मला हे अवघड जातं. ग्रुप हरत असता तर दोष देता आला असता. इथे ग्रुप जिंकत होता, आणि जिंकण्याचं कारण त्याचा आवाज नव्हता. त्याचा ओढा खरखरीत रॉक अँड रोलकडे. ग्रुप चालला होता मऊ, अनेक आवाजांच्या गाण्यांकडे. १९६४च्या उन्हाळ्यात तो बाहेर पडला. भांडण किती आणि काढून टाकणं किती, हे ज्याचा त्याचा साथीदार आपापल्या परीनं सांगत आला. मला भांडणापेक्षा ती तीन गाणी जास्त सांगतात. तीन गळ्यांची व्यवस्था सँडन गेल्यामुळे आली आणि तिनंच जॅक्सनला माइक परत दिला. त्याच व्यवस्थेत तो माइक दुसऱ्याकडे जाणं किती सोपं आहे, हे तेव्हा कुणाला दिसलं नसावं.

जॅक्सननं 'व्हायब्रेशन्स' हा ग्रुप काढला. त्यांचं 'बाय बाय बेबी' अडतिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच्या जागी क्लिफ बेनेटच्या 'रिबेल राउझर्स'मधला फ्रँक ॲलन आला. तो लिव्हरपूलचा नव्हे, लंडनजवळच्या हेजचा. त्याच्यासह केलेलं 'व्हेन यू वॉक इन द रूम' तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. बदल ऐकणाऱ्यांच्या कानाला टोचला नाही.

१९६६मध्ये कर्टिसही गेला. पुढच्या वर्षी त्यानं एक अजब कल्पना मांडली: ग्रुपचं नाव 'राउंडअबाउट', आणि वादक जत्रेतल्या चक्रासारखे चढत-उतरत राहतील. त्यासाठी जॉन लॉर्ड आणि रिची ब्लॅकमोर जमले. कर्टिस स्वतःच उतरला, आणि उरलेल्यांचा 'डीप पर्पल' झाला. तो पुढे करखात्यात नोकरीला लागला. माणसं बदलणं हा ग्रुपचा अपघात नसून स्वभाव आहे, हे ज्याला उमगलं होतं, त्यालाच त्या चक्रावर बसता आलं नाही.

जॅक्सन २००३मध्ये गेला, कर्टिस २००५मध्ये. सर्चर्सचा शेवटचा कार्यक्रम जून २०२५मध्ये ग्लास्टनबरीला झाला. मंचावर ग्रुप सुरू करणारा मॅक्नॅली होता, आणि जॅक्सनच्या जागी आलेला फ्रँक ॲलनही.

आता 'नीडल्स अँड पिन्स' लावलं की मी पेंडरचा आवाज जरा बाजूला ठेवून खालची ओळ ऐकतो. त्या रेकॉर्डवर बेस टोनी जॅक्सनचा आहे. ज्या गाण्यानं त्याचा माइक गेला, त्या गाण्याला तो खालून उचलून धरतो आहे, आणि कुठेही चुकत नाही.