ॲप की संकेतस्थळ? खारघरच्या समोरून सुरू होणारा एक विस्मृत वाद (थ्रेड)

खारघर रेल्वे स्थानकासमोर, भारती विद्यापीठाच्या जवळ, रेनट्री मार्गावर एक शासकीय संशोधन परिसर आहे. तरुण मंडळी त्यावरून रोज जातात, फलकावर ‘सी-डॅक’ वाचतात आणि पुढे चालू लागतात. मुंबईतील या संस्थेचे मूळ नाव मात्र निराळे: एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून ते १९८५ साली वेगळे झाले. १९८६ मध्ये पवईच्या आयआयटीशी टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण करणारे ते हेच. पुढे ते सी-डॅकमध्ये विलीन झाले.

याच सी-डॅक मुंबईकडे केंद्र सरकारच्या ‘मोबाइल सेवा’ या प्रकल्पाचे काम आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सरकारने मोबाइल प्रशासनाचा धोरण-आराखडा अधिसूचित केला. त्यातील दोन कलमे शेजारी ठेवून वाचली, की एका मोठ्या वादाची दोन्ही टोके हाती येतात.

एक कलम म्हणते, सर्व शासकीय संकेतस्थळे ‘वन वेब’ पद्धतीने मोबाइलवर चालतील अशी करावीत. म्हणजे संकेतस्थळ एकच, यंत्र कोणतेही असो. दुसरे म्हणते, शक्य तितक्या सर्व सेवांसाठी मोबाइल ॲप्लिकेशने तयार करावीत. दोन्ही आज्ञा एकाच कागदावर! तिजोरीतून पैसा मात्र एकदाच निघतो, त्यामुळे पुढे कोणते कलम जिंकले हे कोणताही ॲप-बाजार उघडून पाहावे.

हा पेच भारतीय नव्हता. जून २००७ मध्ये, पहिला आयफोन विक्रीस येण्याच्या काही दिवस आधी, स्टीव्ह जॉब्सने विकासकांना सांगितले होते की स्वतंत्र ॲप लिहिण्याची गरजच नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये चालणारी वेब-ॲप्स पुरेत. विकासक नाराज झाले. ऑक्टोबरमध्ये ॲपलने माघार जाहीर केली आणि १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप्ससह ॲप स्टोअर उघडले. आज ज्या बाजाराला लोक ॲपलचा मूळ हेतू समजतात, तो खरे तर तिच्या मूळ हेतूचा पराभव होता.

कारणे तांत्रिक होतीच. त्या काळचे ब्राउझर संथ होते, कॅमेरा किंवा नेटवर्कविना साठवण त्यांच्या आवाक्याबाहेर होती. एकच वेब-संहिता सर्वत्र चालवू पाहणाऱ्या फेसबुकला २०१२ मध्ये आयफोनचे ॲप नव्याने, थेट त्या यंत्राच्या भाषेत लिहावे लागले. एचटीएमएल-५ वर फार भिस्त ठेवणे ही मोठी चूक होती, अशी कबुली झुकरबर्गने जाहीरपणे दिली.

पण वाद केवळ वेगाचा नव्हता, जकातीचाही होता. इतिहासाच्या वाचकांना नाणेघाट सांगायला नको. कल्याण-जुन्नर वाटेवरचा तो दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा मानते. घाट ज्याच्या ताब्यात, माल त्याच्या अटीवर वर चढणार. ॲप स्टोअरची अट होती विक्रीच्या ३० टक्क्यांची, शिवाय ग्राहकांची माहिती घाटवाल्यापाशीच राहण्याची. लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने २०११ मध्ये हे नाकारले, स्वतःचे वेब-ॲप काढले आणि ॲप स्टोअरमधून काढता पाय घेतला. वृत्तपत्राला ते परवडले, कारण त्याचा वाचक त्याला शोधत येणारा होता.

भारतात उलटीच घाई झाली. मे २०१५ मध्ये मिंत्राने संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर दुकान मांडले. तिची मालक फ्लिपकार्टही मोबाइल संकेतस्थळ गुंडाळून बसली होती. स्वस्त अँड्रॉइड फोनची अपुरी साठवण आणि महाग डेटा यांचा हिशेब कोणी केला नव्हता असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण तो चुकला खास. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्ट ‘लाइट’ या वेब-ॲपसह ब्राउझरात परतली. २०१६ च्या जूनपर्यंत मिंत्राचे संकेतस्थळही उघडले होते.

वेबचा सर्वांत अनपेक्षित विजय नवी मुंबईशीच निगडित आहे. घणसोलीत मुख्यालय असलेल्या जिओने २०१७ मध्ये १५०० रुपये अनामतीवर जिओफोन आणला. बटणांच्या त्या फोनमधील कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसची वारस होती आणि तिची ॲप्स वेबच्याच तंत्राने लिहिली जात.

सी-डॅकच्या चमूने हे वास्तव आधीच मान्य केले होते. ‘मोबाइल सेवे’चा स्वतःचा ॲप-बाजार होता, पण कणा होता एसएमएसचा: ५१९६९ या क्रमांकावर साध्यातला साधा फोन शासनाशी बोलू शके. वेब की ॲप हा प्रश्न ज्यांच्या हाती स्मार्टफोन होता, त्यांच्यापुरताच होता. धोरण लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती तो होता, हे विसरू नये.

ॲपला अर्थात रास्त जागा आहे. २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या लोकलसाठी आलेल्या यूटीएस ॲपला प्रवासी कोठे उभा आहे हे ताडावे लागे. अन्यथा तपासनीस दिसताच फलाटावर तिकीट निघाले असते. शिवाय एकदा काढलेले तिकीट नेटवर्क नसतानाही दाखवता यायला हवे. त्या काळी हे ब्राउझरच्या भरवशावर सोडणे अवघड होते.

१ मार्च २०२१ रोजी मात्र नेमका उलट गोंधळ झाला. ज्येष्ठांची लस-नोंदणी सुरू होताच लोकांनी प्ले स्टोअरवर ‘को-विन’ शोधले, ॲप उतरवून घेतले, आणि ते उघडेना. आरोग्य मंत्रालयाला खुलासा करावा लागला की ते ॲप फक्त प्रशासकांसाठी आहे. नागरिकांनी संकेतस्थळावर जावे. एका मोबाइल क्रमांकावर चार जणांची नोंद होऊ शकत होती. २०१२ चे पहिले कलम नऊ वर्षांनी अमलात आले होते, आणि ॲपची सवय लागलेल्या जनतेला ते ओळखू आले नाही.

ते संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. मराठीत ते जून २०२१ मध्ये आले.