रिळें आणि त्यांची वही

नाशिकचें नांव निघालें कीं गोदावरी, पंचवटी आणि काळाराम यांचें स्मरण सहजच होतें. परंतु भारतीय चित्रपटाचें बालपणही याच नगरींत गेलें. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं जवळच्या त्र्यंबकेश्वरीं झाला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, आणि त्यानंतर लवकरच त्यांनीं आपला कारखाना नाशकास हलविला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं येथेंच त्यांनीं देह ठेवला. त्यांची कीर्ति राहिली. त्यांच्या चित्रपटांचें काय झालें, ही हकीकत मात्र निराळी आहे.

त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ज्वलनास लागणारा प्राणवायु तिच्याच अंगीं असल्यामुळें ती एकदां पेटली कीं पाण्यानेंही विझत नाहीं. आणि न पेटली तरी कालांतरानें चिकट होऊन अखेर तिचा भुगा होतो. शिवाय तिच्यावरील लेपांत चांदी असे, व त्या चांदीपायीं कित्येक रिळें मोडींत निघालीं. मूकपटांच्या काळांत देशांत सुमारें १३०० चित्रपट निघाले. त्यांपैकीं पूर्ण वा तुटक स्थितींत उरले ते तीसच्या आंतबाहेर.

'राजा हरिश्चंद्र' हा चार रिळांचा, सुमारें ३७०० फूट लांबीचा चित्रपट. त्याचीं पहिलें आणि शेवटचें अशीं दोन रिळें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत जतन झालीं. पण फाळके यांनीं १९१७ मध्यें हीच कथा पुन्हां चित्रित केली होती, आणि उरलेलीं रिळें त्या दुसऱ्या चित्रपटाचीं असावींत असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. वस्तु हातीं आहे, पण तिची नोंद सुटल्यामुळें ती कोणत्या वर्षाची याचाच वाद!

'कालियामर्दन' या १९१९ च्या चित्रपटाचें दैव अधिक चांगलें. त्यांत बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिनें केली होती. १९६४ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या संग्रहालयासाठीं पी. के. नायर यांनीं त्याचे तुकडे मिळविले, तेव्हां त्यांस धड क्रम नव्हता. फाळके यांच्या हातचीं टिपणें मिळालीं, आणि त्यांच्या आधारें तुकडा तुकड्यास जुळविण्यांत आला. रिळांशिवाय टिपणें कोरडीं, आणि टिपणांशिवाय रिळें मुकीं नव्हे, वेडीं ठरलीं असतीं.

आज रिळांचे फोटो संगणकावर उतरवितात, आणि तोच प्रश्न नव्या वेषांत उभा राहतो. फिल्मच्या एका फुटांत सोळा फ्रेमा. म्हणजे ३७०० फुटांत ५९,२०० फ्रेमा. उत्तम प्रतीच्या स्कॅनची एक फ्रेम सुमारें ५० मेगाबाइटची धरली, तर एवढ्याशा चित्रपटास जवळजवळ ३ टेराबाइट जागा लागते. चित्रपटाचें नांव, वर्ष, रिळाचा क्रमांक ही डेटाबेसमधील नोंद मात्र दोन ओळींची.

हीं अवजड चित्रें डेटाबेसच्या पोटांतच ठेवलीं, तर नोंद आणि वस्तु यांची फारकत होत नाहीं. परंतु बॅकअप घेणें जिकिरीचें होतें. सेकंदास १०० मेगाबाइट या वेगानें ३ टेराबाइटची प्रत काढण्यास आठ तासांहून अधिक लागतात. आणि प्रत अक्षररूपानें काढली, तर एका बाइटास दोन अक्षरें पडून तिचा आकार दुप्पट होतो. कधीं तर प्रत बिनतक्रार निघते, आणि परत भरतांना 'एवढी मोठी नोंद घेतां येत नाहीं' म्हणून यंत्रच अडून बसतें.

म्हणून पुष्कळ ठिकाणीं चित्रें बाहेर ठेवून डेटाबेसमध्यें केवळ त्यांचा पत्ता लिहितात. वही हलकी होते खरी, पण मग बॅकअप दोन झाले. चित्रांची प्रत सोमवारीं आणि वहीची बुधवारीं घेतली, तर मधल्या दिवसांत आलेल्या रिळांची नोंद सांपडते, रीळ सांपडत नाहीं. यास उपाय क्रमाचा आहे: प्रत वहीची आधीं घ्यावी, चित्रांची मागाहून, आणि तोंवर एकही चित्र पुसूं वा बदलूं नये. मग चार चित्रें जास्त निघतील, कमी निघणार नाहींत. प्रत्येक फाइलीची पडताळणी-संख्याही वहींत असावी. म्हणजे एखादा बाइट बदलला तरी तें उघडकीस येतें.

ती प्रत त्याच कोठारांत ठेवून भागत नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील कोठारास आग लागून नायट्रेटचीं असंख्य रिळें जळालीं. ज्या चित्रपटांच्या प्रती अन्यत्र होत्या, तेवढे राहिले.

प्रत घेतल्याची टीप लिहून समाधान मानण्याची चाल सर्वत्र आहे, आणि ती घातक आहे. अधूनमधून एखादें रीळ निवडून त्याची नोंद आणि चित्रें दुसऱ्याच संगणकावर पुन्हां उभीं करावीं, पहिल्या फ्रेमेपासून शेवटच्या फ्रेमेपर्यंत चालवून पाहावीं, आणि वहींत लिहिल्या तितक्या फ्रेमा भरतात कीं नाहीं तें मोजावें.