एकेका चौकटीचा हिशेब

चित्रपटातील चित्रे हलतात, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः त्यांतील एकही चित्र हलत नाही. स्थिर चित्रे एकामागून एक वेगाने डोळ्यांपुढून जातात आणि त्यातून गतीचा भास निर्माण होतो. हे मर्म ज्याला उमगले, त्याला निर्जीव वस्तूसही चालविता येते. वस्तू किंचित सरकवावी, एक चित्र घ्यावे. पुन्हा सरकवावी, पुन्हा घ्यावे. या कलेस आज स्टॉप-मोशन असे म्हणतात. तिचा अभ्यास करू इच्छिणारा तरुण प्रथम विचारतो तो प्रश्न असा, की संगणकावरील कोणती सामग्री, म्हणजे कोणते सॉफ्टवेअर, निवडावे? त्याचे उत्तर शोधताना दादासाहेब फाळके यांच्या उद्योगाकडे वळून पाहणे उपयोगाचे ठरेल.

1912 च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले, ते मुख्यतः सामग्री निवडण्यासाठीच. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांचा सल्ला त्यांनी घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम कसे चालते ते पाहिले आणि मग विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी केले. मायदेशी परतल्यावर भांडवलदारांची खात्री पटविणे अवश्य होते. त्याकरिता त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि 'अंकुराची वाढ' चित्रित केली. बीजाचा वेल होईपर्यंतचा महिन्याभराचा काळ पडद्यावर मिनिटाभरात उलगडला.

या प्रसंगाविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते, की फाळके दररोज एकच चित्र घेत. श्रोतेहो, येथे थोडे गणित करावे. मूकपटाच्या काळी सेकंदास सुमारे 16 चित्रे दाखविली जात. दिवसास एक या मानाने महिन्यात 30 चित्रे होतील. ती दोन सेकंदांतच संपतील! मिनिटभराच्या चित्रपटास 960 चित्रे हवीत, म्हणजे दिवसास 32. रात्रंदिवस चित्रण केले तर दर पाऊण तासाला एक. केवळ दिवसाच्या बारा तासांत केले तर दर साडेबावीस मिनिटांना एक. तेव्हा रोज एक चित्र आणि मिनिटभराचा चित्रपट, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. ही दुरुस्ती क्षुल्लक नव्हे. दंतकथेत फाळक्यांची चिकाटी तेवढी उरते. त्यांच्या कारागिरीमागील हिशेब मात्र लोप पावतो.

त्या काळच्या हातयंत्राचा दांडा एकदा फिरविला की सामान्यतः आठ चित्रे उमटत. एकेक चित्र घ्यावयाचे तर एका फेऱ्यास एकच चौकट सरकेल अशी निराळी योजना लागे. शिवाय कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, प्रकाश बदलता कामा नये, आणि काय साधले ते फिल्म धुऊन निघेपर्यंत कळत नसे. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 1908 मध्ये आगकाड्यांना पडद्यावर जिवंत केले होते. फाळक्यांनी 1915 मध्ये 'आगकाड्यांची मौज' काढून तोच खेळ आपल्याकडे मांडला.

आजचे सॉफ्टवेअर याच जुन्या अडचणी दूर करते. मागील चित्राची पुसट छाया नव्या चित्रावर दिसते, त्यामुळे वस्तू किती सरकली हे तत्क्षणी कळते. झालेले काम लगेच चालवून पाहता येते. 'ड्रॅगनफ्रेम' हे व्यावसायिकांचे साधन कॅमेरा आणि दिवे यांवरही ताबा ठेवते, मात्र त्याला मूल्य मोजावे लागते. 'बोट्स ॲनिमेटर' विनामूल्य आहे, आणि 'स्टॉप मोशन स्टुडिओ' साध्या भ्रमणध्वनीवर चालते. निवड करताना नावापेक्षा कामाचा विचार करावा. कॅमेऱ्याचा प्रकाश व नजर स्थिर बांधता येते काय? छाया दिसते काय? सेकंदास 12 चित्रे धरली तरी मिनिटास 720 होतात. तितका धीर आणि अवकाश आपणापाशी आहे काय? नवशिक्यास पहिल्या मिनिटाकरिता भ्रमणध्वनी व एक भक्कम तिवई पुरेशी आहे. कित्येक महिने चालणाऱ्या बाहुलीपटास मात्र कॅमेऱ्यावर पूर्ण ताबा देणारे साधनच घ्यावे.

3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. बरोबर 105 वर्षांनी, 3 मे 2018 रोजी, दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार वितरित झाले, आणि ॲनिमेशनपटाच्या पारितोषिकाच्या मानकऱ्यांत सुरेश एरियत यांचा 'टोकरी' हा स्टॉप-मोशन लघुपट होता. त्याच सोहळ्यात फाळक्यांच्या नावाचा, 1969 साली सुरू झालेला पुरस्कारही दिला गेला. दांड्याच्या जागी कळ आली, फिल्मच्या जागी संगणकाची स्मृती आली. परंतु दोन चौकटींच्या मधले काम पूर्वीप्रमाणेच माणसाच्या हाताकडे आहे, आणि ते किती वेळा करावयाचे याचा हिशेब बी पेरण्यापूर्वीच मांडावा लागतो.