'वामन'चे वाचक आणि प्रवरेकाठची माती

प्रेमकथा वाचून झाल्यावर 'हे खरोखर घडू शकेल का?' असे सहसा कोणी विचारत नाही. विज्ञान कादंबरी वाचणारा विद्यार्थी मात्र शेवटचे पान मिटताच हाच प्रश्न विचारतो, आणि तो बहुधा विज्ञानाच्या शिक्षकाला विचारतो. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीने गेल्या तीन-चार दशकांत मराठी वाचकांच्या मनात हा प्रश्न फार वेळा उभा केला आहे. त्याचे उत्तर 'ही केवळ कल्पना आहे' एवढेच देऊन चालेल का? आम्हाला वाटते, नाही. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील शिक्षकाला तर या प्रश्नासाठी एक उत्तम साधन जवळच उपलब्ध आहे. ते कोणते, हे पाहण्याआधी लेखकाची थोडी ओळख करून घेऊ.

नाव नसलेली कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव म्हणजे जयंत विष्णु नारळीकर या नावाच्या आद्याक्षरांची उलटापालट होती. आपली कीर्ती परीक्षकांच्या आड येऊ नये म्हणून नारळीकरांनी टोपणनाव घेतले. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. म्हणजे नारळीकरांच्या विज्ञानकथेच्या पहिल्या वाचकांनी ती कोणाची आहे हे न कळता वाचली आणि पसंत केली. पुढच्याच वर्षी, १९७५ च्या कराड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या लेखनाची दखल घेतली. प्रयोगातील पूर्वग्रह टाळण्यासाठी वैज्ञानिक जी खबरदारी घेतो, तीच येथे एका लेखकाने घेतली होती, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देण्यासारखे आहे.

नारळीकर वाचकांच्या प्रतिसादाला किती महत्त्व देत, हे त्यांच्या एका सवयीवरून दिसते. स्वाक्षरी मागणाऱ्या शाळकरी मुलांना ते सांगत, की मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी सही करून उत्तर पाठवीन. नुसत्या सहीपेक्षा प्रश्नाचे मोल जास्त, हे मुलांना त्यातून आपोआप कळे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची पोस्टकार्डे आज अनेक घरांत जपून ठेवलेली असतील.

तीन प्रकारचे वाचक

'वामन परत न आला' ही कादंबरी ऐंशीच्या दशकातली. एका शास्त्रीय प्रयोगासाठी खोल खणताना वैज्ञानिकांना एक पेटी सापडते. ती कित्येक सहस्रकांपूर्वी नष्ट झालेल्या, अतिशय प्रगत अशा संस्कृतीने मागे ठेवलेली असते. तिच्यातील ज्ञानाच्या आधारे पुढे वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो. पुराणातल्या वामनाने तीन पावले जमीन मागितली आणि तिन्ही लोक व्यापले. कादंबरीतला वामनही लहान मागणीतून मोठे संकट उभे करणारा आहे. ज्यांनी ती अद्याप वाचली नसेल त्यांच्यासाठी शेवट येथे सांगत नाही.

या कादंबरीविषयी शिक्षकांशी आणि विद्यार्थ्यांशी बोलताना आम्हाला साधारणतः तीन प्रकारचे प्रतिसाद आढळले. पहिल्या प्रकारचा वाचक यंत्राला घाबरतो. यंत्र स्वतःसारखे दुसरे यंत्र करू लागले तर माणसाचे काय होईल, हा त्याचा प्रश्न. संगणक प्रथमच पाहणाऱ्या पिढीला हा प्रश्न दूरचा वाटत होता, आजच्या विद्यार्थ्याला तो फार जवळचा वाटतो. दुसऱ्या प्रकारचा वाचक वैज्ञानिकांच्या वागण्यावर बोलतो. सापडलेले ज्ञान वापरण्याची एवढी घाई का केली, ते सर्वांपुढे का ठेवले नाही, असे तो विचारतो.

तिसऱ्या प्रकारचा वाचक पेटीपाशीच थांबतो. तो म्हणतो, 'आपल्या पूर्वजांकडे हे सारे होतेच, कादंबरीत तेच तर सांगितले आहे!' या वाचकाला हसून गप्प करणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. त्याच्या बोलण्यात पूर्वजांविषयीची ओढ आहे आणि जमिनीखाली काही दडलेले असू शकते हे कुतूहलही आहे. या दोन्ही गोष्टी इतिहास शिकायला उपयोगी पडतात. प्रश्न आहे तो पुराव्याचा, आणि तेथेच दायमाबाद आपल्या मदतीला येते.

प्रवरेकाठचा ठेवा

दायमाबाद हे श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावरचे ठिकाण. १९५८ साली बो. प. बोपर्डीकर यांना तेथे प्राचीन वसाहतीच्या खुणा आढळल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे तीन वेळा उत्खनन केले: १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांच्या, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांच्या आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांच्या नेतृत्वाखाली. एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर तेथे मिळाले. खालून वर सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. हा काळ ढोबळमानाने इ. स. पू. २२०० ते १००० असा आहे. यातले जोर्वे हे नावही याच जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यातील गावाचे आहे. तेथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि त्या गावावरून एका संपूर्ण संस्कृतीला नाव मिळाले.

'कृष्णविवर'ला पारितोषिक मिळाले त्याच १९७४ साली दायमाबादच्या एका ग्रामस्थाला झुडपाच्या बुंध्याशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जोडलेला, उभा सारथी असलेला, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, आणि त्याच्या सोबतीला हत्ती, गेंडा व रेडा. चारही वस्तू भरीव, ओतीव आणि मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. एवढे धातू मिळवणे, वितळवणे, साच्यात ओतणे हे कसबी कारागिरांचेच काम. जमिनीखालून अकस्मात पूर्वजांचा ठेवा हाती येणे ही गोष्ट नगर जिल्ह्यात कादंबरी लिहिली जाण्याच्या आधीच घडली होती.

मग या वस्तू किती जुन्या? अनेक पुरातत्त्वज्ञांनी त्यांना उत्तर हडप्पा काळात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी नेऊन ठेवले. डी. पी. अगरवाल यांनी मात्र शंका उपस्थित केली. या वस्तूंच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे. ताम्रपाषाण युगातल्या इतर वस्तूंत अशी मिश्रधातू आढळलेली नाही. म्हणून त्या पुढच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात, असा त्यांचा तर्क होता. वस्तू समोर आहेत, हातात धरता येतात, तरीही त्यांच्या वयाविषयी मतभेद होऊ शकतात. असे का?

वस्तू बोलते, पण जागेवरच

ब्राँझमध्ये कार्बन नसतो, म्हणून कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय थेट मोजता येत नाही. ते ठरवायचे तर वस्तू कोणत्या थरात, कोणत्या खापरांच्या आणि कोळशाच्या सोबत पडली होती हे पाहावे लागते. या चार वस्तू उत्खननाची नोंद करीत काढलेल्या नव्हत्या. सापडणाऱ्याचा यात दोष नाही. पण वस्तू थरातून सुटली की तिच्या साक्षीतला मोठा भाग निघून जातो.

कोळसा, हाडे, धान्य यांचे वय मात्र मोजता येते. कार्बन-१४ चा अर्धायुकाल सुमारे ५७३० वर्षे आहे. जोर्वे काळातला, म्हणजे सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचा कोळसा घेतला तर त्यात मूळच्या कार्बन-१४ पैकी सुमारे ६८ टक्के शिल्लक असतो. आता कादंबरीतील पेटी वीस हजार वर्षांपूर्वीची आहे असे समजा. तिच्यासोबत लाकडाचा तुकडा असता, तर त्यात सुमारे ९ टक्के उरला असता. प्रमाण कमी आहे, पण मोजता येण्याजोगे आहे. अकरावीच्या विद्यार्थ्याला हे गणित स्वतः करता येईल. पेटीची गोष्ट खरी ठरवायला कोणता पुरावा लागेल, हे त्याला त्यातूनच उमगेल.

नाजूक वस्तूसुद्धा टिकू शकतात. नेवासे येथील १९५४-५६ च्या उत्खननात एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचे अंश मिळाले. तांब्याचे क्षार सूक्ष्मजीवांना मारक असल्यामुळे एरवी कुजून जाणारा धागा तीन हजार वर्षे वाचला.

पेटीभोवतीचे जग

आता तिसऱ्या वाचकाकडे परत येऊ. यंत्रमानव घडवू शकणारी संस्कृती फक्त एक पेटी मागे ठेवून जाईल का? तिला खाणी लागतील, भट्ट्या लागतील, वीज लागेल, मापे लागतील. साध्या बैलगाडीमागेही सुतार, लोहार, रस्ता आणि बाजार असतो. प्राचीन काळी विमाने आणि प्रगत अस्त्रे होती या दाव्यांविषयी स्वतः नारळीकरांनी असाच मुद्दा मांडला होता. त्यामागे लागणारे वीज आणि चुंबकत्वाचे ज्ञान, त्यातून येणाऱ्या रोजच्या सोयी यांचा उल्लेख कोठे सापडतो, असे ते विचारत. ज्याने पेटीची कादंबरी लिहिली, त्यानेच पेटीसाठी पुरावा मागितला. यात विसंगती नाही. कादंबरीत 'समजा' म्हणण्याची मुभा असते, इतिहासात 'कशावरून?' हे विचारावे लागते.

उद्योगांच्या खुणा किती चिवट असतात याचे एक उदाहरण पाहा. रोमन काळात युरोपात शिसे आणि चांदी गाळली जात असे. त्या भट्ट्यांतून हवेत गेलेल्या शिशाचे अंश ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत आढळले. हे संशोधन १९९४ साली प्रसिद्ध झाले. ग्रीनलंडच्या बर्फात लाखभर वर्षांची नोंद आहे. वीस हजार वर्षांपूर्वी कोठे मोठे उद्योग असते, तर तेथे काही खूण मिळायला हवी होती. पण शास्त्रज्ञही या कल्पनेला हसून सोडून देत नाहीत. २०१८ साली गॅव्हिन श्मिट आणि अ‍ॅडम फ्रँक यांनी, कोट्यवधी वर्षांपूर्वी एखादी औद्योगिक संस्कृती असती तर खडकांत तिची कोणती खूण उरली असती, याचा गंभीरपणे विचार केला. त्या कल्पनेचे नाव त्यांनी एका विज्ञानकथेच्या मालिकेवरूनच घेतले. अशी संस्कृती होती असे त्यांनी म्हटले नाही. शोधायचे झाल्यास काय शोधावे एवढेच सांगितले.

वर्गात काय करता येईल?

कादंबरी वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक पोस्टकार्डाएवढा कागद द्यावा. त्यावर कादंबरीविषयी एकच प्रश्न लिहायला सांगावा, मत नव्हे. मग या प्रश्नांचे तीन गट करावेत: यंत्राविषयीचे, वैज्ञानिकांच्या जबाबदारीविषयीचे आणि पूर्वजांविषयीचे. तिसऱ्या गटासाठी दायमाबाद, नेवासे व जोर्वे यांची माहिती जमवावी. शक्य असेल तर यांपैकी एका ठिकाणी सहल न्यावी. तेथे काहीही उचलू नये हे आधी बजावावे, आणि का उचलू नये हे चार ब्राँझ वस्तूंच्या वादावरून समजावून सांगावे.

पूर्वजांचा अभिमान वाटणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून आपण काही काढून घेत नाही, उलट त्याला खरे पूर्वज देतो. प्रवरेकाठी शेती करणारे, रांजणात मुलांना पुरणारे, साठ किलो ब्राँझ ओतणारे हे लोक होते. इ. स. पू. १००० च्या सुमारास दायमाबादची वस्ती उठली. ती का उठली, पाऊस कमी झाला की आणखी काही, यावर अजून संशोधन चालू आहे. आपल्या शाळेत हा उपक्रम केलात, तर विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न आम्हाला अवश्य कळवावेत.