शाहूमहाराजांचा कुत्रा आणि मनाची व्यथा

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात येरमाळा नावाचे गाव आहे. धुळ्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता येथून जातो. गावाजवळच्या डोंगरावर येडेश्वरीचे प्राचीन देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी डोंगर उतरून आमराईत येते आणि लाखो भाविक रानात चुनखडी वेचतात. सीतेच्या शोधात वणवण करणाऱ्या रामचंद्राची परीक्षा पाहण्यासाठी पार्वती सीतेचे रूप घेऊन पुढे आली, तेव्हा रामाने तिला ओळखून ‘तू वेडी आहेस काय?’ असे विचारले, आणि तेव्हापासून ती येडाई झाली, अशी लोककथा आहे. नावाची ही व्युत्पत्ति शास्त्रीय कसोटीस उतरेल किंवा न उतरेल. परंतु ज्या समाजात ‘येडा’ हा शब्द दगडासारखा फेकून मारला जातो, त्याच समाजाने तो आपल्या आईच्या नावात कौतुकाने बसविला, हे विलक्षण नव्हे काय?

देवीस वेडी म्हणणे आम्हांस जड जात नाही. घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे मन बिघडले आहे, हे कबूल करणे मात्र फार जड जाते. मूल बोलेनासे होते, जेवत नाही, अंधाऱ्या खोलीत पडून राहते. घरची माणसे प्रथम रागावतात, मग नवस बोलतात, आणि वैद्याकडे जावयास पुष्कळदा फार उशीर होतो. अशा मुलांच्या उपचारात शिकविलेल्या कुत्र्याचे साहाय्य घेण्याची पद्धति अलीकडे रूढ होत आहे. ती ऐकून पुष्कळांस हसू येते. हे हसू कितपत योग्य आहे, याचा इतिहासाच्या आधारे विचार करावा, असा आमचा हेतु आहे.

आमच्या इतिहासात एक कुत्रा असा आहे की ज्याच्यावरून लोक अडीचशेहून अधिक वर्षे हसत आले आहेत. तो म्हणजे थोरल्या शाहूमहाराजांचा कुत्रा. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याची हकीकत दिली आहे. महाराजांनी या कुत्र्यास जरीची वस्त्रे व जडजवाहीर घालून, स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेवून, भर दरबारात सरदारांची भेट घेतली. त्यानंतर स्वतःच्या मस्तकी पुन्हा काही घातले नाही. कुत्र्यास जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा सरंजाम खरोखरच चालू ठेवण्यात आला. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने एकदा महाराजांचा जीव वाचविला होता, हे कारणही डफ नमूद करतो. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे कृष्णाकाठी महाराजांच्या समाधीनजीक या कुत्र्याचेही स्मारक आहे.

डफच्या लेखी हा सारा बुद्धिभ्रंशाचा प्रकार होय. धाकट्या राणीच्या मृत्यूमुळे महाराजांचे चित्त ढळले होते असे तो लोकवार्तेच्या आधारे सांगतो, आणि अखेरच्या आजारात त्यांची बुद्धि पुन्हा ठिकाणावर आली असेही लिहितो. हकीकत आम्ही जशीच्या तशी मान्य करतो. तथापि तिच्याकडे पाहण्याची आमची दृष्टि निराळी आहे. या पुरुषाचे बालपण कसे गेले ते पाहावे. जन्म १६८२ चा. सातव्या वर्षी पित्याचा भीषण वध झाला. त्याच वर्षी, म्हणजे १६८९ मध्ये, रायगड पडला आणि हा बालक आईसह औरंगजेबाच्या छावणीत कैदी झाला. ती छावणी दक्षिणेत मुक्काम हालवीत फिरत होती. भीमेकाठच्या ब्रह्मपुरीस तिचा तळ काही वर्षे होता. १७०७ साली बादशहा मरण पावल्यावर शाहूंची सुटका झाली, तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते. म्हणजे ज्या वयात मुलगा मित्र जोडतो, भांडतो, घराबाहेर पडतो आणि पुन्हा घरी येतो, ते सारे वय शत्रूच्या तंबूंत गेले. तेथे बोललेल्या प्रत्येक शब्दाचे मोल द्यावे लागत असणार.

अशा मनुष्याने उतारवयात, शोकाच्या भरात, ज्याच्यापाशी शब्द जपून वापरावे लागत नाहीत असा एक सोबती जवळ केला, तर त्यात केवळ विक्षेपच पाहावा काय? मनाच्या रोगाचे निदान दोन-अडीच शतकांनंतर करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आणि कुत्र्याने महाराजांस बरे केले असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दरबाऱ्यांनी त्या कुत्र्याची पालखी उचलली, परंतु राजास त्याची गरज का पडली हे कोणी विचारल्याचे डफ सांगत नाही. लहरी सांभाळणे निराळे आणि व्यथा जाणणे निराळे. आजही घराघरांतून हाच घोटाळा होतो.

कुत्र्याविषयी आमच्या परंपरेची वृत्ति दुहेरी आहे. शास्त्राने त्यास अपवित्र ठरविले. पण स्वर्गाच्या दारी धर्मराज त्यास सोडून आत जावयास तयार झाला नाही. दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री उभी आहेत आणि त्यांस चार वेद मानतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. त्याचे वाघे कुत्र्याप्रमाणे भुंकतात आणि कोटंब्यातील प्रसाद कुत्र्यांसारखा खातात. खंडोबाचे अणदूर-नळदुर्ग हे स्थान याच धाराशिव जिल्ह्यातील, आणि भूतबाधा झाली म्हणून ज्या गाणगापुरास रोग्यांस नेतात ते दत्तक्षेत्रही येथून फारसे दूर नाही. मनाने पीडित झालेला मनुष्य आणि कुत्रा हे दोघेही आमच्याकडे एकाच देवाच्या दारात आले. परंतु दोघांची गाठ घालून द्यावी, हे मात्र आम्हांस सुचले नाही.

ती गाठ पश्चिमेत हळूहळू पडली. इंग्लंडात यॉर्क येथे क्वेकर पंथाच्या विल्यम ट्यूकने १७९६ साली ‘रिट्रीट’ नावाचे आश्रयस्थान उघडले. इतरत्र वेड्यांस साखळदंड घालीत असताना तेथील अंगणांत ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी पाळले होते, आणि रोग्यांच्या ठायी ममता जागृत व्हावी हा त्यातील हेतु होता. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही दीर्घकाळ आजारी असलेल्यास एखादा लहान प्राणी उत्तम सोबती होतो असे लिहिले. परंतु मुलांच्या उपचाराशी कुत्र्याचा संबंध पद्धतशीरपणे जोडला तो न्यूयॉर्कच्या बोरिस लेविन्सन या मानसशास्त्रज्ञाने. एक अबोल मुलगा ठरल्या वेळेपूर्वीच त्याच्याकडे आला. लेविन्सनचा जिंगल्स नावाचा कुत्रा तेथेच होता. तो धावत मुलाकडे गेला, आणि मुलाने त्यास दूर न लोटता कुरवाळले. त्या कुत्र्याच्या निमित्ताने पुढे मुलगा वैद्याशीही बोलू लागला. लेविन्सनने हा अनुभव विद्वानांपुढे मांडला तेव्हा फीमधील कुत्र्याचा हिस्सा किती, अशी त्याची थट्टा झाली. १९६२ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १९६९ साली ग्रंथ. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात सॅम्युअल व एलिझाबेथ कॉर्सन या दांपत्यास असे आढळले की, जवळच्या कुत्र्यांचे भुंकणे ऐकून, एरवी मौन धरलेली काही तरुण रुग्ण मुले ‘कुत्री पाहू द्या’ म्हणून बोलू लागली. महाराष्ट्रात मिनल कविश्वर यांच्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने ही पद्धति शाळांत व रुग्णालयांत नेली आहे.

यातील मर्म गूढ नाही. सोळा वर्षांच्या मुलास सर्वांत मोठे भय असते ते आपल्याविषयी मत बनविले जाण्याचे. कुत्रा गुण विचारीत नाही, ‘तुला काय कमी आहे?’ असेही विचारीत नाही. त्यास थोपटताना हात गुंततो, श्वास संथ होतो, आणि वैद्याच्या नजरेस नजर न देताही बोलता येते. त्यास पाणी देणे, फिरावयास नेणे, एवढ्याने अंथरुणातून उठण्यास एक कारण मिळते.

तथापि अतिशयोक्ति करणे हा नव्या उपायाचा शत्रु होय. या विषयावरील पुष्कळशी संशोधने लहान आणि अल्पकाळाची आहेत; भीति व उद्वेग तात्पुरता उतरतो, यापलीकडे ठाम सांगणे कठीण. कुत्रा औषधाची किंवा वैद्याची जागा घेत नाही. काही मुलांस कुत्र्याचे भय असते. पिसाळलेल्या कुत्र्याचे संकट आमच्या देशात खरे आहे. म्हणून लस टोचलेला, शांत स्वभावाचा, शिकविलेला कुत्रा आणि त्याच्याबरोबर जाणता मनुष्य, हे दोन्ही हवेत. शिवाय कुत्राही थकतो, हे विसरता कामा नये.

धाराशिव, लातूर या प्रांताने मनाची व्यथा पुष्कळ पाहिली आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरचा भूकंप उमरगा भागातील गावांनी सोसला. दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांनी त्यानंतर कित्येक घरांतील मुले पोरकी केली. आता परीक्षांच्या शिकवण्यांसाठी या भागातील मुले लातुरास एकेका खोलीत राहतात. एकदा वर्गात एका अबोल मुलास आम्ही सहज विचारले, ‘घरी कोण कोण असते?’ त्याने प्रथम नाव घेतले ते वस्तीवरच्या कुत्र्याचे, मग आईचे. वर्ग हसला, खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. त्यानंतर तो मुलगा वर्षभर आमच्याशी एक शब्दही बोलला नाही.

२००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागून साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णास साखळी घालणे निषिद्ध झाले. साखळी कायद्याने तुटते. हसणे मात्र कायद्याने थांबत नाही. ते थांबविणे आपल्याकडे आहे. चैत्रात येडाईच्या डोंगराखाली चुनखडी वेचणारा भाविक मातीतील लहानसा पांढरा खडाही टाकाऊ मानीत नाही. आमच्या अबोल मुलांनी घेतलेले एखादे लहानसे नाव, मग ते कुत्र्याचे का असेना, आम्हीही तसेच जपून उचलावयास हवे होते.