‘पर्यायी’ या शब्दाची कुळकथा

उलव्याच्या एखाद्या सेक्टरातून सायंकाळी फेरफटका मारावा, तर तळमजल्यावरील गाळ्यांच्या पाट्यांवर पंचकर्म, होमिओपॅथी, ॲक्युप्रेशर, योगवर्ग अशी नावे औषधांच्या दुकानांशेजारी हारीने वाचावयास मिळतात; या साऱ्यांना आपण सरसकट ‘पर्यायी उपचार’ म्हणून मोकळे होतो, परंतु त्या विशेषणाचे कूळ कोणते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

वास्तविक हा शब्द वैद्यांच्याच घरचा. ‘पर्याय’ म्हणजे पाळी, क्रम. आणि निघंटुकारांच्या, म्हणजे औषधी वनस्पतींचे नामकोश रचणारांच्या, परिभाषेत एकाच वनस्पतीचे दुसरे नाव. सुंठीचे पर्याय विश्वभेषज, महौषध. गुळवेलीचे गुडूची, अमृता, छिन्नरुहा. यांतील छिन्नरुहा हे नाव किती नेमके आहे, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने कुंपणावरच्या वेलीचे बोटभर जाडीचे कांड छाटून पावसाळ्यात ओल्या मातीत खोचावे, म्हणजे मेल्यासारख्या दिसणाऱ्या त्या तुकड्यालाही हिरवे डोळे फुटलेले दिसतील. असे हे पर्याय सारे एकाच पंक्तीचे. त्यांत थोरला-धाकटा कोणी नव्हता.

ज्या पनवेल तालुक्यात उलवे मोडते, त्याच पनवेलीस १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी ‘श्रीधूतपापेश्वर’ या नावाने आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, तेव्हा त्यांच्या आसव-अरिष्टांना पर्यायी म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नीही आले नसते. कारण मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू असले, तरी खाडीपलीकडच्या या मुलखात नवखा होता तो डॉक्टर. गंमत अशी, की ‘ॲलोपॅथी’ हे नाव तरी डॉक्टरांनी स्वतःहून कोठे घेतले? होमिओपॅथीचा जनक हाहनेमान याने आपल्या प्रतिपक्षास ते चिकटविले, आणि त्यातील ग्रीक ‘आलोस’चा अर्थ ‘दुसरा’! पुढे राज्यकर्त्यांची वैद्यकी हीच मूळ ठरली, १९३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील वैद्य-हकिमांची दप्तरी नोंद वेगळी झाली, आणि इंग्रजी ‘आल्टरनेटिव्ह’ला मराठी शब्द हवा होता तेव्हा बिचाऱ्या पर्यायास पंक्तीतून उठवून पडवीत बसविण्यात आले.

‘पूरक’ हा त्याचा जोडीदार प्राणायामातही भेटतो. तेथे पूरक म्हणजे श्वास आत घेणे. मधुमेहाची गोळी चालू ठेवून आसने करणाराचा उपचार पूरक, गोळी टाकून काढ्यावर विसंबणाराचा पर्यायी. हा भेद जिवावर बेतणारा आहे, आणि पाट्यांवर तो नसतो.

२०२१ साली मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांच्या यकृतास बाधा झाल्याचे प्रसिद्ध केले, त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली ती मुख्यतः अशी, की रुग्णांनी सेवन केलेली वेल खरी गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची खातरजमा झालेली नाही. म्हणजे वाद फिरून निघंटूच्याच दारात आला, कोणते नाव कोणत्या वेलीचे.